तिसरीतलं मूल सुंदर उतरवतं, पण वाचत नाही: वर्गात नेमकं काय करावं?

खडूफळा

मी पूर्व उपनगरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीला शिकवते. इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, वस्तीत संध्याकाळचे वर्ग घेणारे आहेत, भाषेचा अभ्यास केलेले आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

दरवर्षी वर्गात तीन तऱ्हेची मुलं भेटतात. पहिलं मूल फळ्यावरचा उतारा वहीत उतरवून घेतं. अक्षर वळणदार, शिरोरेघ सरळ, समास सोडलेला. त्याच वहीतली पहिली ओळ वाच म्हटलं की मान खाली. दुसरं बाराखडी एका दमात म्हणतं, पण मधलाच 'मू' दाखवला तर 'म मा मि मी मु मू' असं पहिल्यापासून म्हणत तिथवर पोचतं. तिसरं 'का… ग… द' असं एकेक अक्षर बरोबर म्हणतं आणि शब्द कोणता झाला विचारलं की माझ्याकडे बघत राहतं.

तिघांची अडचण वेगळी आहे आणि तिघांच्याही प्रगतिपुस्तकात 'वाचनात कच्चा' एवढंच लिहिलं जातं. याचा मला फार त्रास होतो. म्हणून जूनमध्ये प्रत्येक मुलाला शेजारी बसवून ऐकते. हातात एकच कागद असतो: वर सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, शेवटी छोटी गोष्ट. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २००५पासून हेच टप्पे वापरतात. ती पाहणी ग्रामीण भागाची असते. मुंबईतल्या वर्गाचं चित्र आपलं आपणच काढावं लागतं, आणि ते काढायला एक आठवडा पुरतो.

त्यानंतर रोज एक तास मुलांना टप्प्याप्रमाणे बसवते. मुंबईला हे नवं नाही. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि वाचन-गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. माझ्याकडे बालसखी नाही, मी एकटीच आहे. एका गटापाशी बसले की बाकीच्यांना आपलं आपण करता येईल असं काम द्यावं लागतं.

मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. अक्षरं कोणत्या क्रमाने घ्यावीत? लिहायला केव्हा आणि कसं लावावं? आणि ज्यांच्या घरी मराठी नाही त्यांचं काय करावं? माझ्या वर्गात भोजपुरी, दखनी, तेलुगू, वडारी बोलणारी मुलं आहेत. काही गावाहून वर्षाच्या मध्येच येतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वय बघून त्यांना तिसरीत बसवलं जातं, आणि तोवर त्यातल्या एखाद्याने पाटीही हातात धरलेली नसते.

निवृत्त_गुरुजी

बाई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. माझी सगळी नोकरी गिरणगावात पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली.

आधी एक सांगतो, बाराखडीला बोल लावू नका. पाठांतर कानासाठी आणि जिभेसाठी असतं. का, की, कू यांतला फरक तोंडात बसला की पुढचं सोपं जातं. हल्ली गळली आहे ती पाठांतरानंतरची पायरी. आम्ही बाराखडी आडवी म्हणून घ्यायचो आणि उभी विचारायचो. एक दिवस नुसता काना: का, मा, ता, सा, ला. दुसऱ्या दिवशी नुसती दुसरी वेलांटी: की, मी, ती, सी, ली. मग फळ्यावर पट्टी कुठेही ठेवायची आणि मुलाने सांगायचं.

तुमच्या 'मू'वाल्या मुलाला मात्रा सुटी ओळखता येत नाही. त्याला ओळीच्या चालीत 'मू'ची जागा माहीत आहे, 'मू' माहीत नाही. पुठ्ठ्याचे पत्ते करा. अक्षराचे वेगळे, मात्रांचे वेगळे. 'म' तसाच ठेवून मात्रा बदला, मग मात्रा तशीच ठेवून अक्षर बदला. त्याला पत्ते स्वतःच्या हाताने लावू द्या. तुम्ही लावून दाखवलेत तर तो नुसता बघेल.

लिहिण्याचा क्रम माझ्या मते गमभनच. ग काढला की तीच काठी आणि तोच हात म, भ, न यांना लागतो. र आला की स, ख येतात. व आला की ब, क. ट आला की ठ, ढ, द. हाताला एकच वळण परत परत मिळतं. पाटीवर अक्षर मोठं आणि मोकळं आल्याशिवाय दुरेघी वही देऊ नये. आता मोठ्या शिशूतच वही येते. त्या वयाच्या बोटांत जोर नसतो, मुलं पेन्सिल आवळून धरतात, हात दुखतो, आणि लिहिणं म्हणजे हात दुखणं हे मनात पक्कं बसतं.

शब्दवेडी

गुरुजी, उभ्या बाराखडीला शंभर टक्के अनुमोदन. गमभनही लिहिण्यासाठी उत्तम. वाचण्यासाठी मात्र मी वेगळा क्रम ठेवते, कारण सारखी दिसणारी अक्षरं पाठोपाठ आली की बरीच मुलं गोंधळतात: म-भ, घ-ध, ब-व, ट-ठ-ढ. लिहिताना हाताला सारखेपणा हवा, वाचताना डोळ्याला फरक हवा. त्यामुळे पाटीवर गमभन चालू असताना वाचनाच्या पट्ट्यांवर दुसरीच अक्षरं असायला काही हरकत नाही. मुलं गोंधळत नाहीत, हे मी अनेक वर्गांत पाहिलं आहे.

खडूफळा ताई, क्रमाबद्दल. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८मध्ये प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. त्या मूळच्या अमेरिकेच्या, पण भाषाविज्ञानाचा अभ्यास त्यांनी फलटणच्याच मराठीवर केला. त्यांच्या कामातून मी घेतलेली गोष्ट अशी की अख्खी मुळाक्षरं आणि अख्खी बाराखडी संपायची वाट बघत बसायचं नाही. थोडी अक्षरं, एक-दोन मात्रा, आणि लगेच शब्द, लगेच वाक्य.

माझा पहिला गट म, स, क, र, ल, न, त आणि सोबत काना व दुसरी वेलांटी. एवढ्यात काय काय होतं बघा: मामा, मामी, काका, काकी, नाक, कान, मासा, ससा, माती, तारा, रात, सात, तीन, लाल, कमान. 'मामाला मासा, मला मका.' हे पूर्ण वाक्य मूल पहिल्या महिन्यात स्वतः वाचतं आणि 'मलापण मासाच पाहिजे' म्हणून भांडतं. ते भांडलं की अर्थ पोचला असं मी धरते. त्यानंतर एक मात्रा, म्हणजे 'े' आली, की मासे, केस, तेल, मेला, केर. मग प, ग, ड, ण, च आणि दुसरा उकार. पाणी, गाडी, पेरू, चाक, गाणी.

दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार आधी घ्यायचं कारण सरळ आहे. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार आपण दीर्घच लिहितो, त्यामुळे मुलांच्या रोजच्या शब्दांत तेच जास्त दिसतात. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवते. ती ऐकू येते अक्षरानंतर आणि काढावी लागते अक्षराआधी, लहान मुलाला हे उलटं पडतं. ऋ, ङ, ञ यांची तर काहीच घाई नाही. यज्ञ आणि ऋषी यांच्यावाचून सहा वर्षांच्या मुलाचं काही अडत नाही.

आणि हे सगळं चालू असताना रोज दहा-पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवाच. सांगून नव्हे, पुस्तक हातात धरून, चित्रं दाखवत, ओळीखाली बोट फिरवत. ज्या घरात वर्तमानपत्रही येत नाही, तिथल्या मुलाने छापील अक्षरांतून गोष्ट निघताना कधी पाहिलेलीच नसते. काहीतरी रंगतदार मिळणार आहे हे माहीत नसेल तर मूल एवढी खटपट कशासाठी करेल?

लोकल_प्रवासी

मी शिक्षक नाही, पण मुलाला वाचायला मी लोकलमध्ये शिकवलं, म्हणून लिहितो.

डब्यात आधी ऐकू येतं, 'पुढील स्टेशन दादर', आणि मिनिटभरात पाटी समोर येते. ऐकणं आणि बघणं लागोपाठ. सोप्या पाट्या आधी: दादर, माहीम, परळ, नाहूर, मालाड. मग अनुस्वाराच्या: माटुंगा, मुलुंड. आणि आमच्या मुलाला सगळ्यात जड गेलेला 'र' तर रेल्वेवाल्यांनी जणू शिकवायलाच मांडून ठेवलाय. डोक्यावरचा र कुर्ला आणि चर्नी रोडला. पायाशी तिरका र विक्रोळी, वांद्रे, मुंब्रा, ग्रँट रोडला. 'महाराष्ट्र'मधला ट खालचा र तर कुठल्याही सरकारी पाटीवर सापडतो. बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकडे असतात, ते वेगळेच.

खडूफळा

लोकल_प्रवासी, हे मी सोमवारपासून वर्गात करतेय! पाट्यांच्या चिठ्ठ्या करून भिंतीवर हार्बरची एक ओळ आणि मेनची एक ओळ लावते. 'ऱ्य'चा राहिलेला र 'दुसऱ्या फलाटावर' मध्ये मिळाला.

शब्दवेडी, वाचनाचा आणि लिहिण्याचा क्रम वेगळा ठेवायचा हे इतकं स्पष्टपणे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या प्रशिक्षणांत दोन्ही एकत्रच येतात.

'का-ग-द'वाल्या मुलाबद्दल कुणी बोलेल का? ती संख्या माझ्याकडे सगळ्यात मोठी आहे.

अक्षरयात्री

त्या मुलाची बाजू समजून घ्यायला हवी. देवनागरीत प्रत्येक व्यंजनात 'अ' धरलेला असतो. मूल 'का', 'ग', 'द' असे तीन पूर्ण उच्चार करतं. आपण बोलताना शेवटचा 'अ' गाळतो, 'कागद्' म्हणतो. कधी मधलाही गाळतो, 'चमचा'चा 'चम्चा' होतो. म्हणजे त्याने तिन्ही अक्षरं बरोबर म्हटली तरी कानावर पडतो तो त्याच्या ओळखीचा शब्द नसतोच. 'नीट जोड' असं सांगून उपयोग होत नाही, कारण शेवटचा 'अ' सोडून द्यायचा हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

याचा पहिला उपाय तोंडी आहे. डोळे मिटायचे. 'मी तुकडे सांगते, तुम्ही शब्द सांगा': पा-ऊ-स, स-र-बत, खि-ड-की. मग उलट. शब्द मी सांगते, तुम्ही टाळ्या वाजवून तुकडे करा. मग पहिला तुकडा काढून टाका: 'खिडकी'तला 'खि' गेला, काय उरलं? भेंड्या खेळा, शेवटच्या अक्षरावरून नावं, भाज्या, गावं. खेळ म्हणून हे रोज पाच मिनिटं झालं तरी कान तयार होतो. कागदावर वाचताना अक्षरावर बोट टेकवत टेकवत न जाता शब्दाखालून सलग सरकवायचं, आणि एकदा सावकाश, एकदा झरझर असं दोनदा म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणताना शेवटचा 'अ' आपोआप गळतो आणि मूल एकदम ओरडतं, 'कागद!'

दुसरं, उच्चारावरून अडवू नका. च, ज, झ यांचे मराठीत दोन दोन उच्चार आहेत: चमचा आणि चिमणी, जाळी आणि जीभ, झाड आणि झेंडा. लिपी त्यांत फरक करत नाही. भोजपुरी किंवा दखनी बोलणारं मूल 'चमचा' त्याच्या घरच्या 'च'ने वाचेल. ते वाचन बरोबर आहे. बोलण्याचा 'च' वर्गातल्या मित्रांकडून येईल.

तिसरं, वेळेबद्दल. तीसच्या वर व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या घरातली चिन्हं, आणि वर जोडाक्षरं. कन्नडही याच प्रकारची लिपी. सोनाली नाग यांनी २००७मध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं की अक्षरं पूर्ण हाताशी यायला चौथीपर्यंतही वेळ लागतो. मराठीसाठी पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कन्नडसाठी कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा सलग तीन वर्षं पाठपुरावा केला, तेव्हाही तिसरीअखेर पुष्कळ मुलं साधं वाचन-लेखन करताना अडखळत होती. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान २०२१मध्ये सुरू झालं, त्यात २०२६-२७पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मूल समजून वाचेल असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. पण त्यासाठी पहिली-दुसरीत मात्रा आणि शब्द लवकर हाती द्यावे लागतील, आणि तिसरीत मागे असलेल्या मुलाला 'ढ' म्हणणं बंद करावं लागेल.

मुलुंडची_आई

थोडं अवांतर, पण विचारते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. २०२०च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली याचा मला आनंद झाला, कारण घरी आम्ही मराठीच बोलतो. पण ती मराठी पुस्तक हिंदीसारखं वाचते. 'ळ' आला की थबकते आणि 'ल' म्हणते. गोष्ट ऐकायला आवडते, वाच म्हटलं की कंटाळा. घरी काय करू?

शब्दवेडी

मुलुंडची_आई, तिला मराठी येते, हिंदीमुळे लिपीही येते, फक्त सराव नाही. तिच्याकडे खूप भांडवल आहे. एक पान तुम्ही वाचा, एक ओळ ती. आठवड्याने दोन ओळी. पुस्तक तिच्या वयापेक्षा सोपं घ्या, मोठा टाइप, पानावर कमी मजकूर. 'ळ'साठी तोंडी शब्द आधी: बाळ, केळं, फळा, शाळा, डोळा. बोलताना ती 'डोळा'च म्हणते ना? मग तो आवाज तिच्याकडे आहे, त्याला चिन्ह जोडायचं बाकी आहे. आणि वाचताना चूक झाली की लगेच थांबवू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. अर्थ लागला नाही की ती आपणच मागे जाईल.

पाटीवरची_गोष्ट

मी गोवंडीत संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेते. लिहिण्याबद्दल आणि घरी मराठी नसलेल्या मुलांबद्दल माझं म्हणणं मांडते, दोन्ही माझ्या दृष्टीने एकच आहेत.

नुसतं उतरवणाऱ्या मुलाला आजवर कुणी विचारलेलंच नाही की तुला काय लिहायचंय. लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं आपल्या वहीत आणणं, असं तो समजून बसलाय. मी वर्गाच्या सुरुवातीला विचारते, काल काय झालं? एक मूल सांगतं: 'काल नळाला पाणी नव्हतं. मम्मी टँकरकडे गेली. मी पण हंडा घेऊन पळालो.' हे मी मोठ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, त्याच्या समोर, त्याच्याच शब्दांत लिहिते. लिहिताना मोठ्याने म्हणते. मग सगळे वाचतात. ते वाचू शकतात, कारण काय लिहिलंय ते त्यांनी आत्ताच ऐकलंय. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या वाक्यांच्या पट्ट्या कापते, त्या क्रमाने लावायच्या. तिसऱ्या दिवशी शब्द सुटे करते. 'हंडा' कुठाय? 'पाणी' कुठाय? चौथ्या दिवशी त्यातल्या 'पाणी'वरून पा, पी, णी असलेले दुसरे शब्द शोधायचे. इथे तुमचा अक्षरगटही येतो आणि गुरुजींची उभी बाराखडीही येते. फक्त सुरुवात मुलाच्या बोलण्यातून होते.

ज्याच्या घरी मराठी नाही तो हिंदीत, दखनीत सांगतो. सांगू दे. वर्गातली इतर मुलं म्हणतात, मराठीत असं म्हणायचं, आणि आम्ही सगळे मिळून वाक्य ठरवतो. त्याच्या घरचा एखादा शब्द तसाच ठेवते. पिशवीला तो 'पन्नी' म्हणतो, मग कागदावर 'पन्नी'च. मुंबईत तो शब्द सगळ्यांना कळतो, आणि आपला शब्द फळ्यावर चढला की ते मूल दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडला ती वारली मुलांच्या अंगणात नेली. त्या मुलांचं घर, त्यांचं बोलणं, त्यांच्या हातातल्या बिया-पानं हेच तिथलं साहित्य होतं. आपल्याकडे चाळी आणि झोपड्या आहेत, साहित्य इथेही भरपूर आहे.

आणि मुलांना पहिल्या दिवसापासून मनाने लिहू द्या. 'मी शालेत गेलो, पानी आला' असं लिहिलं तरी चालेल. त्याने आवाज ऐकून चिन्ह शोधलंय, वाचनाला लागणारं काम तेच आहे.

निवृत्त_गुरुजी

ताई, तुमची पद्धत मनापासून आवडली, पट्ट्यांची तर विशेष. पण 'पानी' आणि 'शालेत' तसंच सोडायचं हे मला पटत नाही. एकदा हाताला लागलेली चूक पुढे निघत नाही. मी दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, तिथेही 'आणी', 'पाणि' भेटतात. शुद्धलेखनाची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

पाटीवरची_गोष्ट

गुरुजी, सोडायचं असं मी म्हणत नाही, वेळ वेगळी ठेवते. लिहिताना अडवत नाही. लिहून झालं की त्याच्या शेजारी बसून एकच गोष्ट घेते. या आठवड्यात न आणि ण. 'पाणी, आणि, कोण' हे शब्द त्याच्या 'माझे शब्द' वहीत जातात, पुढच्या वेळी लिहिताना ती वही उघडून ठेवायची. वहीभर लाल खुणा केल्या की मूल दुसऱ्या दिवशी दोनच ओळी लिहितं, येतात तेवढेच शब्द वापरून. मग त्याची चूक कमी दिसते, पण त्याचं लिहिणंही कमी होतं.

निवृत्त_गुरुजी

लिहिणं कमी होतं हे खरं आहे, हे मी पाहिलं आहे. मग एक भर घाला. भिंतीवर लावायचं असेल तेव्हा ते पक्कं लिहून घ्या. कच्चं वहीत, पक्कं भिंतीवर. चारचौघांनी वाचायचं म्हटलं की मुलं आपण होऊन विचारतात, 'गुरुजी, यातली वेलांटी पहिली की दुसरी?' तेव्हा सांगितलेला नियम लक्षात राहतो. श्रुतलेखनही ठेवा, पण मुलांच्याच वाक्यांचं.

पाटीवरची_गोष्ट

हे नक्की करते. मुलांच्याच वाक्यांचं श्रुतलेखन मला सुचलं नव्हतं.

आधाररेषा

मी विशेष शिक्षिका आहे. एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी कान आणि डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसल्यामुळे 'अभ्यासात मागे' ठरलेली मुलं मी पाहिली आहेत, चष्मा लागल्यावर महिन्यात रुळतात. म-भ किंवा घ-ध यांत पहिली-दुसरीत गोंधळ होणं सर्वसाधारण आहे, तेवढ्यावरून कुणी अध्ययन अक्षमतेचं लेबल लावू नये. घरची भाषा वेगळी, शाळा चुकलेली, शिकवणं अपुरं, ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

पण नीट शिकवूनही, छोट्या गटात घेऊनही, कालचं अक्षर आज पूर्ण नवं वाटत असेल, तोंडी गोष्ट उत्तम सांगणारं मूल कागदावर दोन शब्दांपुढे जात नसेल, तर तिसरीच्या आसपास तपासणी जरूर करा. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी विभाग आहे. १९९६पासून काम करणारी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही इथेच आहे. पालकांना हे सांगताना मुलाला बाहेर खेळायला पाठवा. त्याच्यासमोर त्याच्या मेंदूची चर्चा नको.

आणि अशा मुलालाही वर चर्चिलेलंच सगळं लागतं, फक्त जास्त सावकाश, जास्त वेळा, हाताने चाचपत. वाळूत, कणकेच्या अक्षरांवर, पाठीवर बोटाने.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता माझा तासच बदलला. आता असं करणार आहे.

परिपाठानंतर सगळ्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायची आणि पाच मिनिटं कानाचे खेळ. मग गट. अक्षरांचा गट माझ्याबरोबर पत्ते आणि पहिल्या अक्षरगटाचे शब्द घेऊन. शब्दांचा गट जोडीने, कालच्या कागदाच्या पट्ट्या लावायला. परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी मुलं पुस्तकपेटीपाशी. त्यातली दोन मुलं रोज पहिल्या गटातल्या एकेकाला गोष्ट वाचून दाखवतील, पण वाचताना मदत करायची आणि 'तुला येत नाही' म्हणायचं नाही, हे त्यांना आधी शिकवावं लागेल. दर पंधरवड्याला प्रत्येकाला पुन्हा कागदावर ऐकेन आणि गट बदलेन, नाहीतर गट हाच शिक्का होतो. शुक्रवारी भिंतीसाठी पक्कं लेखन.

शब्दवेडी, एक व्यवहाराचा प्रश्न. पट्ट्या आणि पत्ते टिकत नाहीत. पावसाळ्यात वर्गाला ओल येते, कागद मऊ पडतो. आणि त्याच वर्गात दुपारची पाळी भरते, त्यामुळे भिंतीवरचं फार काळ राहत नाही. तुम्ही कसं करता?

शब्दवेडी

लग्नपत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा घ्या, मागची कोरी बाजू लिहायला चांगली असते. वर पारदर्शक चिकटपट्टी. भिंतीऐवजी सुतळी बांधा आणि कपड्यांचे चिमटे लावा, शाळा सुटताना पाच मिनिटांत सगळं उतरवून बरणीत जातं. उतरवायचं काम मुलांना द्या. प्रत्येक पट्टी वाचूनच बरणीत टाकायची असा नियम करा. प्रत्येक अक्षरगटाची बरणी वेगळी आणि जोडाक्षरांच्या पट्ट्यांना कडेने लाल रेघ, म्हणजे पहिल्या गटातल्या मुलांच्या हाती त्या चुकून लागत नाहीत. माझ्याकडे पहिल्या तीन अक्षरगटांचे शब्द लिहून तयार आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, यादी पाठवते.